मातीने दिलेली झिलई

सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडील एखाद्या थडग्यातून निघालेली पहिल्या शतकातील रोमन अत्तरदाणी संग्रहालयाच्या कपाटात मोरकंठी, जांभळ्या आणि सोनेरी छटांनी झळकताना दिसली, की ही किमया तिच्या कारागिराची, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. वस्तुतः त्याच्या फुंकनळीवरून ती उतरली तेव्हा बहुधा फिकट हिरवट, साधी काच होती, आणि आज जिच्यापायी लिलावात बोली चढते ती कांती ओलसर मातीने शतकानुशतके तिला झिजवून दिलेली आहे.

रोमन काच वाळू, चुना आणि ईजिप्तमधील वादी नत्रूनसारख्या सरोवरांतला क्षार यांची असे, आणि तिच्यात सोड्याचा वाटा सुमारे सहावा हिस्सा असे. जमिनीतील ओल हा सोडा पृष्ठभागातून सावकाश काढून नेते आणि मागे सिलिकाचे पापुद्रे उरतात, ज्यांची जाडी मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांइतकी, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्याच मापाची असते; त्यांच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग मावळतात, काही उजळतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच जातीचे. रंगद्रव्य तेथे कणभरही नाही, आणि म्हणूनच पापुद्र्यांत पाणी शिरले की ही सारी शोभा मंदावते व वाळताच परतते. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच अशा जीर्ण काचांचा सूक्ष्म अभ्यास केला होता. पुढे 1961 साली ब्रिल आणि हूड या अभ्यासकांनी झाडाच्या वलयांप्रमाणे हे पापुद्रे मोजून काचेचे वय काढण्याची पद्धत सुचवली. परंतु दर वर्षी एकच पापुद्रा सुटतो असा निसर्गाचा करार नसल्याने ती भरवशाची ठरली नाही.

मोलाचा प्रश्न मात्र निराळा आहे. रोमन कुपीवर जो अलंकार, तोच एकोणिसाव्या शतकातील औषधाच्या, शाईच्या वा गोळीच्या सोड्याच्या बाटलीवर रोग मानला जातो. इंग्रज संग्राहक तिला ‘आजारी काच’ म्हणतात आणि भाव उतरवतात, कारण त्या बाटलीत पारखी शोधतो तो काचेचा नितळपणा, तिचा मूळ रंग आणि अंगावरची उठावाची अक्षरे. ही धूसरता घालवण्यासाठी बाटली तांब्याच्या बारीक तुकड्यांसह व पॉलिशच्या भुकटीसह दिवसेंदिवस फिरवतात, त्यात अक्षरांच्या कडाही झिजतात. कोणी आतून तेल फासून दोष झाकतो, म्हणून सौद्यापूर्वी बाटली कोरडी करून उजेडात धरणे अगत्याचे. तिसरा प्रकार मुद्दाम आणलेल्या झिलईचा: उत्खनित काचेवर मोहित झालेल्या लुई कम्फर्ट टिफनी या अमेरिकी काचकलावंताने 1894 च्या सुमारास ‘फॅव्राइल’ नावाने काच बाजारात आणली, तिच्यावरील तेज तापलेल्या काचेवर धातूंच्या क्षारांची क्रिया करून आणलेले. असे तेज काचेला घट्ट धरून असते. मातीचे तेज विषम पसरते, काठाशी सुटते, पापुद्र्यांनी गळते.

मला वाटते, या सुटणाऱ्या पापुद्र्याला मळ समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. तो बाटलीचाच देह आहे, आणि त्याच्या खाली मूळचा गुळगुळीत पृष्ठभाग शाबूत राहिलेला नसतो.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडाच्या 1945-46 च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया यांच्याबरोबर काम केलेल्या मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला, जो 1969 साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तुकडा कोठे, किती खोल, कशाशेजारी सापडला, याच्या नोंदीवर असा इतिहास उभा राहतो. म्हणून जुन्या वाड्याच्या पडवीत वा विहिरीच्या गाळात अशी झळाळती काच हाती लागली, तर वाचकांनी ती राखेने घासू नये, आम्लात बुडवू नये; जागा टिपून ठेवावी, काच कोरडी ठेवावी आणि जवळच्या संग्रहालयातील जाणकाराला आधी दाखवावी.