‘मुलगी शांत आहे हो!’

लेखमाला : वेगळ्या घडणीची मनं — लेखांक ७

अलिबाग-मुरुड पट्ट्यात स्थळ सुचवणाऱ्या आत्याबाई मुलीचं कौतुक करतात ते ठरावीक शब्दांत. मुलगी शांत आहे हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मैत्रिणींचा गोतावळा नाही, घर एके घर. एकदा सांगितलं की सांगितल्याप्रमाणे करते. लग्नाच्या बाजारात हे सगळे गुणच. स्वमग्नतेची (ऑटिझमची) जाण असलेल्या डॉक्टरने हीच वाक्यं ऐकली तर तो आणखी दोन-चार प्रश्न विचारील. प्रत्येक शांत मुलगी स्वमग्न नसते, हे सांगायला नकोच. पण स्वमग्न मुलगी तिशीपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही, त्यामागे या ‘शांत’चा मोठा हात असतो.

मागच्या लेखांकांत आपण शाळकरी मुलांविषयी बोललो. आज मोठ्या झालेल्या मुलींविषयी, आणि थेट ज्या विषयावर आईवडील बोलायचं टाळतात त्याविषयी : प्रेम, स्थळ, लग्न.

या मुली नजरेतून सुटतात याला इतिहास आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 स्वमग्न मुलांचं वर्णन केलं त्यांत 8 मुलगे आणि 3 मुली होत्या. पुढच्याच वर्षी हान्स आस्पर्गर यांनी लिहिलं ते मुलग्यांवरच. त्या दोघांच्याही आधी ग्रुन्या सुखारेवा या सोविएत डॉक्टरबाईंनी 1925 मध्ये सहा मुलग्यांची, आणि नंतर 1927 मध्ये मुलींचीही निरीक्षणं मांडली होती. ती अनेक दशकं कुणी फारशी उघडून पाहिली नाहीत. मग चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. 2017 मध्ये लूम्स, हल आणि मँडी यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ते तिनास एकच्या आसपास आलं. आपल्याकडे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या मोठ्या पाहणीत उत्तर गोव्याचा समावेश होता; पण ती 2 ते 9 वर्षांच्या मुलांची. त्यांच्या मावश्यांना कुणी मोजलं नाही.

आता नागावातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ही कुणी एक खरी बाई नव्हे. वाचलेल्या-ऐकलेल्या अनेकींच्या अनुभवांतून मी ती जोडली आहे. वय 27, बी.कॉम. नारळी-पोफळीच्या वाडीत घरच्यांनी चार खोल्यांचं होमस्टे काढलंय, त्याचं बुकिंग आणि हिशोब हिच्याकडे. फोनवर तिची वाक्यं तयार असतात. ‘खोली दुपारी बाराला मिळेल. नाश्त्याला पोहे किंवा घावणे. सुरमई हवी असेल तर आदल्या रात्री सांगा, सकाळी बाजारात मिळेलच असं नाही.’ पाहुणे खूश असतात. मुलगी चुणचुणीत आहे, असं लिहूनही जातात. रविवारी संध्याकाळी शेवटची गाडी मांडव्याच्या रस्त्याला लागली की ही खोलीचं दार लावते, पंखाही बंद करते, आणि सोमवारी दुपारपर्यंत एक शब्द बोलत नाही. घरचे म्हणतात, दमते बिचारी.

ती दमते ते खोल्या आवरून नव्हे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे किती वेळ बघायचं, कुठल्या वाक्यानंतर हसायचं, हात कुठे ठेवायचे, हे दोन दिवस ती मनात मोजत असते. लोरा हल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अशा मुखवट्याचा अभ्यास केला. त्यातल्या प्रौढांनी हेच सांगितलं : चारचौघांत मिसळायला, नोकरी टिकवायला, ओळखी व्हायला मुखवटा उपयोगी पडतो, उतरवल्यावर माणूस पिळून निघालेला असतो, आणि आपण खरे कोण ही शंका मागे उरते.

आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम हा तर या मुखवट्याचा राजरोस दरबार. तासाभराचा खेळ, संवाद आधीपासून ठरलेले. आवडी काय? वाचन, स्वयंपाक. खरी आवड शंख-शिंपल्यांची. नागाव ते रेवदंडा किनाऱ्यावर कुठल्या महिन्यात काय सापडतं, हे ती अर्धा तास सांगू शकते, म्हणूनच आईने ‘तेवढं शिंपल्यांचं काढू नकोस’ असं बजावलेलं असतं. मुलगा म्हणतो, आपण जरा बाहेर चक्कर मारून येऊ या? ती विचारते, कुठपर्यंत? सगळे हसतात. तीही हसते, अर्ध्या क्षणाने उशिरा. वास्तविक त्या खोलीतला तो एकमेव खरा प्रश्न होता. कार्यक्रम छान पार पडतो, होकार येतो; पण तो होकार मुखवट्याला आलेला असतो. लग्नानंतर चोवीस तास तो चढवून ठेवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. सहा महिन्यांत सासरी वाक्य तयार होतं : लग्नाआधी अशी नव्हती.

दोष तिच्या समजुतीचाच, असं बराच काळ विज्ञानही मानत आलं. स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन वाचता येत नाही, विषय संपला. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने हा आरोप उलटा फिरवला : तुम्हाला तरी आमचं मन कुठे वाचता येतं? गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, बिल मात्र एकाच्याच नावावर फाटतं. कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी एडिंबरामध्ये त्याची परीक्षा घेतली ती आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखी. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. 2020 मध्ये निष्कर्ष आले. स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. गळती झाली ती मिश्र साखळीत. पुढे 2025 मध्ये तीनशेहून जास्त लोकांना घेऊन हाच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. म्हणजे मिश्र साखळीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण स्वमग्नांना एकमेकांशी नीट बोलता येत नाही, हे दोन्ही वेळा खोटं ठरलं.

मग अशा मुलीला स्थळं बघून केलेलं लग्न सोपं, की स्वतः जमवलेलं? वरवर पाहता पहिलं. बायोडाटात सगळं पांढऱ्यावर काळं असतं : उंची, पगार, गोत्र, रास, पेणला फ्लॅट. डेटिंगच्या ॲपवर सगळाच धूसर कारभार. ‘बघू, भेटू कधीतरी’ म्हणजे होकार की नकार? ‘किहीमला जाऊ या’ म्हणजे समुद्र बघायला की खोली घ्यायला? पण मला विचाराल तर बायोडाटाही चुकीच्या जागी स्पष्ट असतो. गोत्र सांगतो, झोपायला अंधार आणि शांतता लागते हे सांगत नाही. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर अलिबागच्या किनाऱ्यावर प्रत्येक जण विचारतो, पाणी कधी चढणार? विचारणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही. न विचारता जाणारा अडकतो. नात्यात मात्र विचारणाराच येडा ठरतो.

शरीराच्या पातळीवरचं काही आता बोलायला हवं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या पुस्तिकेत आवाज, स्पर्श, वास यांना मिळणारा फार तीव्र किंवा फार मंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांमध्ये घेतला. आपल्याकडच्या हळदीत उभं राहून बघा म्हणजे याचा अर्थ कळेल. आगरी-कोळी लग्नात पूर्वी धवलारीण धवले म्हणायची, अजूनही काही घरी म्हणते. पण रात्री राज्य डीजेचं. छातीत घुमणारा ठेका, अंगावर ओली हळद, दहा-वीस बायांचे हात, मोगऱ्याचा दर्प, तोंडावर कॅमेऱ्याचा दिवा. यातली एकेक गोष्ट तिला वाळूचा कागद घासल्यागत जाणवू शकते, आणि पळून जायची सोय नसलेली त्या मांडवात ती एकटीच. त्यात ती कोसळली की ‘नाटकं’. सासरी ही परीक्षा ओट्यावर येते. बोंबलाचा बुळबुळीत स्पर्श, कोलंबी सोलताना बोटांना येणारा वास. मासळी साफ न करणारी सून किनाऱ्यावर म्हणजे घोर नाचक्की. हातमोजे पाच मिनिटांत मिळतात; ‘आमच्यात असलं चालत नाही’ हे वाक्य हलायला पिढी जाते.

नवऱ्याच्या स्पर्शाचंही तेच. हलका, ओझरता स्पर्श अनेकींना अंगावर काटा आणतो, घट्ट मिठी चालते. तिला प्रेम नाही असा अर्थ नवरा काढतो, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तिने सांगावं यासाठी तिच्यापाशी शब्द असतात पण परवानगी नसते.

परवानगीचा हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘सांगितल्याप्रमाणे करते’ ही शाबासकी मिळवत वाढलेल्या मुलीला नाही म्हणायचा सराव कुठून असणार? काकांच्या मांडीवर बस, पाव्हण्यांना पापी दे, त्रास झाला तरी हस. बार्गिएला, स्ट्यूअर्ड आणि मँडी यांनी 2016 मध्ये उशिरा निदान झालेल्या 14 बायकांशी सविस्तर बोलून अभ्यास मांडला. त्यांतल्या 9 जणींवर लैंगिक अत्याचार झाले होते. आकडा छोटा, त्यावरून टक्केवारी काढू नये. पण त्यांनी सांगितलेल्या कारणांकडे मात्र बघा. समोरच्याचा डाव ओळखता न येणं, तो म्हणतो म्हणजे असंच असतं असं वाटणं, आणि आपल्याला नकार देता येतो हेच माहीत नसणं. सावध राहा, एवढं सांगून तिला काही कळत नाही. नेमकं सांगावं लागतं. पहिल्या भेटीला दिवसाउजेडी, माणसांत बस; जाताना-येताना मला मेसेज कर; त्याने पैसे मागितले, फोटो मागितले, ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं तर त्या क्षणी ऊठ. निघण्याचं वाक्यही तयार हवं, होमस्टेच्या वाक्यांसारखं : ‘मला आता जायचंय.’ कारण द्यायचं नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नता आहे, आणि प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्क त्याच्या कलम 10 मध्ये आहे. ही माहिती मुलीला दिली तर ती बिघडेल, ही भीती आईवडिलांची, कायद्याची नव्हे.

कायद्याचं निघालंच आहे तर लग्नाआधी सांगावं का, यावर. निदान झालेलं असेल तर पाठच्या बहिणीचं कसं होणार या धास्तीने कागद कपाटात जातो. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये स्वमग्नता हा स्वतंत्र अडथळा म्हणून कुठेही लिहिलेला नाही. संमती देण्याची क्षमता हवी, आणि आज आपण ज्यांच्याविषयी बोलतोय त्या बायकांत ती असते. पण त्याच कायद्याच्या कलम 12 मध्ये महत्त्वाची बाब लपवून फसवणूक केली असेल तर लग्न रद्द ठरवून घेण्याची वाट आहे, फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत. दडवलेलं निदान ‘महत्त्वाची बाब’ ठरेल की नाही, हे त्या-त्या खटल्यात न्यायालय ठरवील. मुलीला त्या कठड्यापर्यंत न्यायचंच कशाला? आणि निदानच झालेलं नसेल तर? सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरलेल्या भारतीय मोजपट्टीत 40 बाबी आहेत, 70 च्या खालचे गुण म्हणजे स्वमग्नता नाही. तिची सुरुवातच नजरेला नजर न देण्यापासून होते. नजर द्यायला वीस वर्षं घोकून शिकलेली बाई तिथे ‘नॉर्मल’ ठरून परत येऊ शकते.

म्हणून माझा सल्ला निदानाच्या शब्दापेक्षा वागण्याच्या तपशिलाचा. पत्रिका जुळण्याआधी नको, पण होकार देण्याआधी हवाच. आणि सांगायचं तिने स्वतः, आईने नव्हे. आपल्या नागावच्या मुलीने ते लिहून काढलं, बोलताना गोंधळ होतो म्हणून. एका बाजूला स्वतःचं : रविवारी संध्याकाळी मी बोलत नाही, म्हणजे रागावलेली नसते. दूध तापल्याचा वास मला सहन होत नाही. टोमणा मला कळत नाही, सरळ सांगा. मागच्या बाजूला त्याला विचारायचे प्रश्न, त्यातला पहिला : तुला राग आला की तू काय करतोस, ओरडतोस की गप्प बसतोस, आणि किती वेळ?

एका स्थळाने तो कागद वाचून नकार कळवला. दुसऱ्याने दोन दिवसांनी मागची बाजू भरून परत पाठवली. पहिल्या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, ‘गप्प बसतो, साधारण जेवणापर्यंत.’

पुढच्या आठवड्यात : मुलाच्या तपासणीला गेलेल्या आईला स्वतःचंच निदान हाती लागतं तेव्हा.