बंदी, कूळ आणि खल : इंग्रजी शब्दांतील अर्थापकर्षाचा विचार

अर्थापकर्ष म्हणजे शब्दाच्या अर्थाची कालौघात झालेली घसरण, असे सामान्यतः सांगितले जाते. बंदिवास आणि सत्ता यांच्याशी निगडित इंग्रजी शब्द तपासले असता मात्र ही घसरण केवळ भाषिक राहत नाही. तिच्यामागील सत्तासंबंध स्पष्ट होतात.

‘स्लेव्ह’ या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्क्लावुस’ हे आहे. तो स्लाव लोकसमूहाचा वाचक होता. मध्ययुगात स्लाव मोठ्या संख्येने पकडले व विकले गेले आणि त्यांचे नावच गुलामाचे सामान्यनाम बनले. लॅटिन ‘काप्तिवुस’ म्हणजे पकडलेला. हा शब्द इंग्रजीत दोन रूपांनी आला. ‘कॅप्टिव्ह’ बंदी या अर्थावर स्थिर राहिला. नॉर्मन फ्रेंचमार्गे आलेला ‘केटिफ’ मात्र बंदी, दीन आणि अखेर भ्याड, नीच असा उतरत गेला. पकडला जाणे हे दुर्दैव होते. शब्दाने त्याचा दोष केला.

‘व्हिलन’चा प्रवास याहून उद्बोधक आहे. धन्याच्या जमिनीशी बांधलेला शेतकरी, हा त्याचा मूळ आशय. शेक्सपियरच्या ‘ॲज यू लाइक इट’ या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात थोरला भाऊ ऑर्लँडोला या शब्दाने हिणवतो, तेव्हा ऑर्लँडो आपल्या पित्याच्या कुळाचा दाखला देऊन तो नाकारतो. एकाला दुष्ट म्हणायचे आहे, तर दुसरा हीनकुलीन हा अर्थ पकडतो. येथे ‘खल’ हा मराठी पर्याय अपुरा पडतो; ‘नीच’ दोन्ही अर्थ पेलतो, कारण त्यातही सामाजिक स्थान आणि नैतिक निवाडा एकवटले आहेत.

उलट दिशेने ‘नोबल’ आणि ‘जेंटल’ हे कुलवाचक शब्द सद्गुणवाचक झाले. सी. एस. लुईस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) या ग्रंथात दर्जावाचक शब्दांच्या या नैतिकीकरणाची चर्चा केली आहे. दोन्ही प्रवाह एकत्र पाहिले की सूत्र हाती येते : वरच्यांचे स्थान गुण ठरते, खालच्यांचे स्थान अवगुण.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या शीर्षकाचे महत्त्व जाणवते. अमेरिकेतील दास्यविमोचनाचे स्मरण करून तेथील सज्जनांना अर्पण केलेल्या या ग्रंथात ‘गुलाम’ हा शब्द पीडिताचा दोष सांगत नाही. तो व्यवस्थेवर आरोप ठेवतो. घसरलेल्या शब्दाची दिशा अशी फिरवता येते. म्हणून साहित्यकृतीतील शिवी वाचताना ती कोणी, कोणाला आणि कोणत्या स्थानावरून दिली, हे पाहणे अर्थनिर्णयाचाच भाग ठरते.