घरानें राखलेलें नांव

श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह आणि प्रपितामह अशीं तीन नांवें उच्चारून झालीं म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांची जीभ अडखळते. चौथें नांव विचारलें तर घरांतील एखाद्या वृद्ध आत्याबाईंकडे पाहावें लागतें. पांचवें कोणासच ठाऊक नसतें. ज्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून झाला आहे त्यांना नांवांची वाण नाहीं, हें खरें. परंतु त्यांतील पुष्कळ नांवांपुढें जन्ममृत्यूचे शक आणि ‘नोकरी’, ‘शेती’, ‘निर्वंश’ असा एखादा शब्द यांपलीकडे कांहीं आढळत नाहीं. तो माणूस कशासाठीं झटला, कोणत्या प्रसंगीं डगमगला, कोणत्या गोष्टीची त्याला खंत राहिली, हें त्या एका शब्दांत कोठून येणार? गेल्या पितृपक्षांत आमच्या घरचा वृत्तांत चाळतांना ही उणीव आम्हांस फार जाणवली. त्याच सुमारास उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत जहाजें हांकणाऱ्या एका इंग्रज बापलेकांची हकीकत आमच्या वाचनांत आली. विसरलें जाणारें नांव घर कसें राखतें आणि राखतांना घरानें काय करावें, याचा तो उत्तम धडा आहे, असें वाटून ती येथें सांगत आहों.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशर परगण्यांत, व्हिटबी नांवाचें एक लहानसें बंदर आहे. जगाची प्रदक्षिणा करणाऱ्या कप्तान कुकचें नाविक शिक्षण याच गांवीं झालें. तेथील टेकडीवर त्याचा पुतळा आहे, आणि जवळच देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची एक प्रचंड कमान उभी आहे. पुतळा एका माणसाचा आहे. कमान मात्र अनेकांची आहे. इ. स. १७५३ पासून १८३७ पर्यंत या बंदरांतून जहाजें दरवर्षीं वसंत ऋतूंत देवमाशांच्या शिकारीसाठीं ग्रीनलंड व स्पिट्झबर्गेनच्या बर्फाळ समुद्राकडे निघत आणि उन्हाळा सरतां सरतां परत येत. त्या काळीं देवमाशाच्या चरबीच्या तेलावर दिवे जळत, आणि त्याच्या तोंडांतील लवचिक पट्ट्या विलायती स्त्रियांच्या पोषाखांत कंबर आवळण्यासाठीं घालीत. हीं जहाजें हांकणारे कप्तान सरकारी नोकर नव्हते. त्यांना पदव्या नव्हत्या, पदकें नव्हतीं. जो प्रदेश आरमाराच्या नकाशांत कोरा होता तो त्यांच्या रोजच्या वहिवाटींतला होता. परंतु त्यांचीं नांवें आज कोणाच्याहि ओठांवर नाहींत.

त्यांपैकींच विल्यम स्कोर्सबी हे एक होत. पुत्राचेंहि नांव विल्यमच असल्यामुळें, आपण थोरले व धाकटे बाजीराव म्हणतों त्याप्रमाणें, त्यांस थोरले स्कोर्सबी म्हणणें सोयीचें होईल. त्यांचा जन्म १७६० सालीं व्हिटबीपासून दहाबारा कोसांवरील क्रॉप्टन या खेड्यांत एका साध्या शेतकऱ्याच्या घरीं झाला. शेतीवर मन रमेना म्हणून ते समुद्रावर गेले. १७८१ मध्यें स्पेनशीं चाललेल्या युद्धांत ते शत्रूच्या हातीं सांपडले, पण एका सोबत्यासह तेथून निसटले व मायदेशीं पोहोंचले. १७८५ मध्यें ‘हेन्रिएटा’ नांवाच्या जहाजावरून ते प्रथम देवमाशांच्या शिकारीस गेले आणि पांचसहा वर्षांत त्याच जहाजाचे कप्तान झाले. पुढें १७९८ मध्यें ‘डंडी’ या जहाजावरून त्यांनीं एका हंगामांत ३६ देवमासे मारून आणले. आयुष्यभरांत त्यांनीं तीस सफरी केल्या आणि ५३३ देवमासे मारले, असा हिशेब सांगतात.

हा मनुष्य शाळेंत फारसा शिकलेला नव्हता, पण त्याची बुद्धि मोठी कल्पक होती. जहाज बर्फांत अडकलें म्हणजे खलाशांना एका कांठावरून दुसऱ्या कांठाकडे एकदम धांवावयास लावून तें झुलवावयाचें आणि भोंवतालचा बर्फ मोडावयाचा, ही युक्ति ते योजीत. डोलकाठीच्या शेंड्यावर उभें राहून टेहळणी करणारा माणूस त्या वाऱ्यांत गारठून जात असे. १८०७ मध्यें त्यांनीं तेथें एक पिंपासारखा आडोसा बसविला. त्यांत उभ्या माणसाला वारा लागत नसे आणि दुर्बीण, कर्णा वगैरे सामान हाताशीं राही. इंग्रज खलाशी त्याला कावळ्याचें घरटें म्हणत. अशीं घरटीं पुढें शेंकडों जहाजांवर चढलीं; तें करणारा कोण, हें मात्र त्यांत उभें राहणाऱ्यांनाहि क्वचितच ठाऊक असे.

त्याच्या आदल्या वर्षीं, १८०६ च्या मे महिन्यांत, थोरले स्कोर्सबी ‘रेझोल्यूशन’ हें जहाज घेऊन बर्फांतून वाट काढीत उत्तरेस सुमारें ८१ अंश ३० कलांपर्यंत गेले. तोंपर्यंत इतक्या उत्तरेस कोणतेंहि जहाज गेल्याची खात्रीलायक नोंद नव्हती. हा उच्चांक पुढें १८२७ मध्यें आरमाराच्या पॅरीनें मोडला. त्या सफरींत जहाजावरील मुख्य दुय्यम अधिकारी कोण होता? सोळा वर्षांचा विल्यम, म्हणजे त्यांचाच मुलगा. दहाव्या वर्षीं तो प्रथम बापाबरोबर बर्फांत गेला होता. एकवीस वर्षांचा होतांच बापानें ‘रेझोल्यूशन’ त्याच्या स्वाधीन केलें. आपल्याकडे उपनयनानंतर बापच मुलाचा गुरु होत असे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें पाठ घ्यावयाचा तो समुद्राचा.

धाकट्या स्कोर्सबींना बापाचें धाडस लाभलें होतें. त्यांत विद्येची भर पडली. हिंवाळ्यांत जहाजें बंदरांत असत, तेव्हां ते एडिंबरोच्या विद्यापीठांत जाऊन पदार्थविज्ञान व सृष्टिशास्त्र शिकत. समुद्रावर असतांना त्यांनीं हिमकणांच्या आकृति काढल्या. खोल पाण्याचें उष्णमान मोजण्याचें उपकरण करविलें आणि ग्रीनलंडच्या समुद्रांत खालचें पाणी वरच्यापेक्षां उबदार असतें असें दाखविलें. तेथील पाण्याचा हिरवट रंग सूक्ष्म जीवांमुळें येतो हेंहि शोधून काढलें. १८२० मध्यें त्यांनीं ध्रुवप्रदेशाचें सविस्तर वर्णन दोन खंडांत प्रसिद्ध केलें. त्या विषयावरील शास्त्रीय ग्रंथांत त्याचा मान मोठा आहे.

असा मनुष्य सरकारास हवाहवासा वाटला असेल, असें वाचकांस वाटेल. घडलें तें निराळेंच. १८१७ सालीं ग्रीनलंडच्या समुद्रांतील बर्फाचा मोठा विस्तार नाहींसा झालेला त्यांना आढळला, आणि ही बातमी त्यांनीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस कळविली. त्या बातमीनें आरमारखात्यास हुरूप आला व १८१८ मध्यें दोन मोहिमा उत्तरेस निघाल्या. पण ज्यानें वाट दाखविली त्याला नेतृत्व मिळालें नाहीं, कारण तो आरमारी अंमलदार नव्हता; दुसऱ्याच्या हाताखालीं वाटाड्या म्हणून जाणें त्यांनीं पतकरलें नाहीं. त्या मोहिमांतील एका जहाजावर जॉन फ्रँकलिन हा अंमलदार होता. हाच फ्रँकलिन १८४५ मध्यें दोन जहाजें घेऊन गेला आणि १२९ माणसांसह कायमचा नाहींसा झाला. त्याचा लंडनमध्यें पुतळा आहे; त्याचीं बुडालेलीं जहाजें २०१४ व २०१६ मध्यें सांपडलीं तेव्हां जगभरच्या वृत्तपत्रांनीं तें छापलें. त्याच्या पत्नीनेंहि त्याच्या शोधासाठीं आयुष्य वेंचलें, म्हणजे तेथेंहि घर होतेंच. पण तिच्यामागें राज्याचा डंका होता. शिकारी जहाजांच्या कप्तानांमागें घराशिवाय कांहीं नव्हतें.

१८२२ च्या उन्हाळ्यांत धाकटे स्कोर्सबी ‘बॅफिन’ जहाज घेऊन ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यास गेले. दिवसा शिकार आणि सवड मिळेल तेव्हां मोजणी, असें करीत त्यांनीं सुमारें ४०० मैल किनाऱ्याचा नकाशा केला. त्याच हंगामांत बापहि आपलें ‘फेम’ जहाज घेऊन त्याच पाण्यांत होता. तेथें एक विशाल खाडी जमिनींत शिरलेली आहे. जगांतील अतिदीर्घ खाड्यांत तिची गणना होते. मुलानें तिला बापाच्या सन्मानार्थ स्कोर्सबी साउंड असें नांव दिलें. राजे, मंत्री, आरमारपति यांचीं नांवें सोडून एका शेतकऱ्याच्या मुलाचें नांव पृथ्वीच्या नकाशावर चढलें, तें केवळ पुत्राच्या हातून.

त्या सफरीचा शेवट मात्र दुःखाचा झाला. शरद ऋतूच्या तोंडावर लिव्हरपूलला परततांच त्यांना कळलें कीं आपण समुद्रावर असतांनाच पत्नी निवर्तली. बर्फांत वाट काढणाऱ्याला घरची वाट कळूं नये, यापरतें दुर्दैव कोणतें? पुढच्या वर्षींच्या सफरीनंतर त्यांनीं समुद्र सोडला, केंब्रिजला धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि ते पाद्री झाले. लिव्हरपूलच्या खलाशांसाठीं असलेल्या देवळांत त्यांनीं कांहीं वर्षें धर्मोपदेशकाचें काम केलें. थोरले स्कोर्सबी १८२९ मध्यें वारले.

बाप गेल्यानंतर बावीस वर्षांनीं, १८५१ मध्यें, स्वतः साठी ओलांडलेल्या पुत्रानें ‘माझे वडील’ या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तुरुंगांतील पलायन, पहिल्या सफरी, बर्फांतील युक्त्या, तें घरटें, सारें त्यांत आहे. आज थोरल्या स्कोर्सबींविषयीं जें ठाऊक आहे, त्यांतील बराच भाग या एका पुस्तकामुळें. योगायोग असा कीं त्याच वर्षीं हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन ग्रंथकाराची ‘मोबी डिक’ ही देवमाशावरील कादंबरी निघाली, आणि तींत त्या घरट्याच्या जनकाची ‘कॅप्टन स्लीट’ अशा बनावट नांवानें थट्टा केलेली आहे. जगानें थट्टेचें पुस्तक उचलून धरलें. भक्तीचें पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटांत राहिलें. तथापि कधीं ना कधीं कोणी खरें नांव शोधावयास निघतो, तेव्हां त्याला उपयोगी पडतें तें कपाटांतलेंच पुस्तक.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल कीं पुत्रानें बापाची स्तुति केली यांत नवल काय? आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. पण या मुलाच्या लेखणींत एक गुण होता. जें सांगणें जड जाई तेंहि ती सांगे. १८२० च्या ग्रंथांत त्यांनीं १८११ मधील एक प्रसंग लिहिला आहे. त्यांच्या एका माणसानें मुद्दाम पिलाला भाला मारला, कारण पिलूं जखमी झालें कीं आई जवळ येते. आई आली. पिलाला घेऊन ती इकडून तिकडे धांवत राहिली. भोंवतीं होड्या जमल्या, अंगांत भाले रुतले, तरी पिलाला सोडून ती पळाली नाहीं, आणि तासाभरांत मारली गेली. अशा मातेचा घात करणें फार क्लेशदायक आहे, असें तो कप्तान कबूल करतो. आणि मिळकतीपुढें दया मागें पडते, हेंहि लपवीत नाहीं. आम्हां शाकाहारी घरांतील माणसांना हें वाचतांना पुस्तक खालीं ठेवावेंसें वाटतें. थोरल्यांच्या नांवावरील ५३३ हा आंकडा मग पराक्रमाचा म्हणून वाचवत नाहीं. अशाच शिकारींनीं त्या समुद्रांतील देवमासे पुढें जवळजवळ निःशेष झाले. पण हा प्रसंग गाळला असता तर आम्हीं त्या लेखकाच्या इतर शब्दांवर तरी विश्वास कां ठेवला असता?

नांवाचीहि तीच गोष्ट. पुत्रानें खाडीला बापाचें नांव दिलें. परंतु तो किनारा कधींच निर्मनुष्य नव्हता. जुन्या झोंपड्यांचे अवशेष स्कोर्सबींनीं स्वतः पाहिले होते. १९२५ मध्यें डेन्मार्कच्या एनार मिकेल्सन यांच्या पुढाकारानें तेथें पुन्हां इन्यूइट लोकांची वस्ती झाली. ते लोक त्या खाडीला आपल्या भाषेंत कांगेर्तित्तिवाक म्हणतात. एका घराची स्मृति जपतांना दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी ठोकली जात नाहीं ना, हें पाहणें प्रत्येक वंशजाचें काम आहे.

आतां या कथेंतील शेवटचा दुवा. धाकट्या स्कोर्सबींचे दोन्ही मुलगे त्यांच्या हयातींतच वारले. १८५६ मध्यें, उतारवयांत, लोखंडी जहाजांवर होकायंत्र कसें बिघडतें हें पाहण्यासाठीं ते ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आले आणि १८५७ मध्यें निवर्तले. आपल्या वंशवृक्षांत अशा ठिकाणीं ‘निर्वंश’ लिहून फांदी खुंटवितात. पण त्यांच्या बहिणीचा मुलगा, एडिंबरोचा एक वैद्य, पुढें आला. त्यानें आपल्या जॅक्सन या आडनांवामागें मातुलकुळाचें स्कोर्सबी हें नांव जोडलें आणि १८६१ मध्यें मामाचें चरित्र लिहिलें. मुलीकडील नातवंडांस आपल्या कुलवृत्तांतांत बहुधा जागाच नसते. येथें घराण्याचें नांव राखलें तें मुलीच्याच मुलानें! धाकट्या स्कोर्सबींचे कागद व उपकरणें व्हिटबीच्या संग्रहालयास मिळालीं. त्यांच्या सफरींच्या रोजनिशा २००३ ते २००९ या काळांत हॅक्लूट सोसायटीनें तीन खंडांत छापल्या. मुलानें त्या थंडींत लिहिलेल्या ओळी कोणी जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच दोनशें वर्षांनीं त्या छापखान्यांत गेल्या.

हें सारें वाचल्यावर आम्ही आमच्या घरचा वृत्तांत पुन्हां उघडला. आमच्या पणजोबांच्या नांवापुढें ‘नोकरी, मुंबई’ एवढेंच आहे. त्यांच्या कन्येच्या कुळांतील एक आजी हयात आहेत. आमच्या वृत्तांतांत त्यांचें नांव नाहीं, कारण त्या दुसऱ्या कुळाच्या. गेल्या रविवारीं आम्ही त्यांच्याकडे वही घेऊन गेलों. “काय विचारायचं ते विचार बाबा,” त्या म्हणाल्या, “पण बरं तेवढंच लिहिणार असशील तर वही मिटून ठेव.” आम्हीं वही उघडी ठेवली आहे. वाचकांच्याहि घरीं अशी एखादी आजी असेल, तर तिच्याकडे जाण्यास पुढच्या पितृपक्षाची वाट पाहूं नये.