पाईपच्या तंबाखूचा फेरतपास

पाईपमध्यें ओढावयाची मिश्र तंबाखू हा आपल्या बहुतेक वाचकांच्या नित्य व्यवहारांतला विषय नव्हे. तथापि पान पिकविणें, सुकविणें, मुरविणें व पारखणें या चारही गोष्टी तींत एकत्र येत असल्यामुळें तंबाखू पिकविणारास तिच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. शिवाय प्रस्तुत लेखकानें या बाबतींत पूर्वीं एक घाईचा निकाल दिला होता; तो दुरुस्त करणें हेंही या लेखाचें प्रयोजन आहे.

आल्फ्रेड डनहिल यांनीं १९०७ सालीं लंडनमधील ड्यूक स्ट्रीटवर आपलें दुकान उघडलें. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रुचीप्रमाणें मिश्रण करून द्यावयाचें व त्याची नोंद वहींत क्रमांकानें ठेवावयाची, अशी तेथील रीत होती. ‘माय मिक्स्चर ९६५’ हें नांव अशाच एका क्रमांकावरून आलेलें आहे. ‘अर्ली मॉर्निंग पाईप’ व ‘नाइटकॅप’ हीं त्याच घराण्याचीं आणखी दोन प्रसिद्ध मिश्रणें. १९८१ पासून हा माल बेलफास्ट येथें व २००५ पासून डेन्मार्कमध्यें तयार होऊं लागला. २०१८ सालीं डनहिल या नांवानें होणारी विक्री थांबली आणि पुढील वर्षापासून तींच मिश्रणें पीटरसन या नांवाच्या डब्यांतून मिळूं लागलीं.

२०१६ सालीं परदेशाहून परतलेल्या एका आप्तानें हे तिन्ही डबे आणून दिले. झांकण काढल्याबरोबर मीं पाईप ठासून भरला आणि भराभर ओढून पाहिला. पहिलें मिश्रण मिळमिळीत असून जीभ भाजणारें वाटलें; ‘९६५’ बरें वाटलें; ‘नाइटकॅप’ला तर ओल्या लांकडांवर पेटविलेल्या चुलीचा वास येतो, असें मीं चारचौघांत बोलूनही गेलों.

पुढें आमच्याच घरच्या तंबाखूवर तसाच प्रसंग आला. एका व्यापाऱ्यानें भर दुपारीं उन्हांत पोतें उघडून मूठभर माल चोळला. तो भुकटी होऊन पडला, तेव्हां त्यानें भाव पाडला. दुसरे दिवशीं पहांटेच्या दंवानें तीच तंबाखू हाताला मऊ लागत होती. वर्षभराच्या कष्टांचा निकाल घटकाभराच्या ओलीवर लागला, याचें मला फार वाईट वाटलें. आणि त्याबरोबरच त्या तीन डब्यांचीही आठवण झाली. मीं तरी दुसरें काय केलें होतें?

म्हणून २०२२ सालीं पीटरसनच्या नांवाचे तेच तीन डबे मिळविले. जुन्यांतील उरलेली तंबाखू कांचेच्या बरणींत घट्ट बंद होती, तीही काढली. या वेळीं प्रत्येक नमुना कागदावर पसरून चिमटींत दाबून पाहिला. दाबल्यावर त्याचा गोळा राहिला तर ओल अधिक. चुरा झाला तर कमी. दाब सुटतांच पानें हलकेच मोकळीं झालीं म्हणजे ती ओढण्यास योग्य. नंतर पाईप सैल भरून सावकाश ओढला. ओली तंबाखू नीट जळत नाहीं, ओढणारा जोर करतो, आणि तापलेल्या वाफेनें जीभ पोळते. दोष मिश्रणाचा नव्हता, माझा होता.

तिन्हींच्या मुळाशीं तींच तीन पानें आहेत. व्हर्जिनिया जातीचें पान बंद कोठारांत लोखंडी नळ्यांच्या उष्णतेनें सुकवितात. प्रथम मंद उष्णतेंत तें पिवळें होऊं देतात, तेव्हां त्यांतील पिठूळ अंशाची साखर बनते. मग उष्णता वाढवून ती गोडी कायम करतात. आपल्या देशांत आंध्र व कर्नाटकांत असें पान होतें. दुसरें ओरिएंटल, म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस या बाजूचें लहान, सुगंधी, उन्हांत वाळविलेलें पान. तिसरें लाटाकिया: हें सीरियांतील बंदराचें नांव, परंतु पुढें हा माल सायप्रस बेटाहून येऊं लागला. उन्हांत वाळविलेल्या पानांस सुगंधी लांकडांची व झुडुपांची धुरी देऊन तें काळें करतात. ‘नाइटकॅप’मध्यें याशिवाय अमेरिकेंतील लुइझियाना प्रांताचें पेरीक असतें, तें पिंपांत दाबून स्वतःच्याच रसांत आंबविलेलें असतें.

आतां फेरनिकाल. ‘अर्ली मॉर्निंग’ची गोडी व आंबूस सुगंध या वेळीं स्पष्ट कळला. सकाळच्या चहानंतर तिन्हींत तेंच अधिक आवडलें. ‘नाइटकॅप’चा धुरकट वास आहेच, पण त्यामागें सुक्या अंजिराचा व मिऱ्याचा भास होतो, तो पूर्वीं माझ्या घाईंत हरवला होता. उलट पूर्वीं आवडलेलें ‘९६५’ आतां जरा एकसुरी भासलें; त्यांतील कॅव्हेंडिश, म्हणजे दाबून वाफविलेली तंबाखू, इतर पानांचे कंगोरे बोथट करते. बरणींतील जुनी तंबाखूही जवळजवळ हीच साक्ष देत होती. म्हणजे डब्यावरील नांव बदललें म्हणून माझें मत बदललें, असें म्हणतां येत नाहीं.

या लेखानें कोणीं व्यसन धरावें असा हेतु मुळींच नाहीं. धूर पाईपचा असो कीं विडीचा, तो तोंड, घसा व फुफ्फुस यांच्या कर्करोगाचें कारण होतो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, पानाची परीक्षा त्याची ओल पाहिल्यावांचून होत नाहीं. आपला माल दाखवितांना ती आपण सांभाळावी, घेणाऱ्यानें ती विचारांत घ्यावी अशी मागणी करावी. आणि दुसऱ्याच्या मालावर निकाल देण्याची पाळी आली तर निदान दोनदां पारखून मगच बोलावें.