खाली दावीद राजाची कबर, वर येशूचं शेवटचं भोजन: जेरुसलेमच्या सियोन टेकडीवर नेमकं काय आहे?

मुंबईच्या सायनचं नाव जेरुसलेममधल्या एका टेकडीवरून पडलं, असं एक मत आहे. पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी इथल्या चॅपलला सियोनचं नाव दिलं, असं सांगतात. (आपल्यासाठी मात्र ती 'शीव', म्हणजे वेस.)

मूळची सियोन टेकडी जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या तटबंदीला लागून, पण तटाबाहेर आहे. सियोन दरवाजातून बाहेर पडताना दगडांवर १९४८ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. तिथून काही मिनिटं चाललं की एक जुनी दगडी इमारत लागते. सगळा गुंता याच इमारतीत आहे.

तळमजल्यावर दावीद राजाची कबर मानली जाते. स्त्री-पुरुषांसाठी वेगळे भाग आहेत, पुरुषांनी डोकं झाकायचं. शब्बाथच्या दिवशी फोटो काढायचे नाहीत.

दावीद खरंच इथे पुरला गेला का? बहुतेक अभ्यासकांना तसं वाटत नाही. बायबलनुसार त्याला 'दावीदनगरात' पुरलं, आणि ते नगर पूर्वेकडच्या दुसऱ्या टेकडीवर होतं. 'सियोन' हे नावही आधी त्याच टेकडीचं, नंतर ते इकडे सरकलं. पण श्रद्धा पुराव्यासाठी थांबत नाही. १९४८ ते १९६७ या काळात जुनं शहर जॉर्डनच्या ताब्यात होतं आणि ज्यूंना पश्चिमी भिंतीपाशी जाता येत नव्हतं. तेव्हा ही कबर त्यांचं मोठं तीर्थस्थान बनली.

जिना चढून वर गेलं की कमानींचं एक रिकामं दालन दिसतं. येशूने शिष्यांसोबत शेवटचं भोजन घेतलं ती हीच जागा, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. आजचं दालन मात्र मध्ययुगीन आहे. चौदाव्या शतकात ते फ्रान्सिस्कन संन्याशांकडे आलं, सोळाव्या शतकात ऑटोमन राजवटीने त्यांना बाहेर काढून तिथे मशीद केली. दावीद मुस्लिमांसाठीही पैगंबर आहे. भिंतीतला मिहराब अजून तिथेच आहे.

आता ताबा इस्रायल सरकारकडे आहे. भाविकांना वर जाता येतं, पण रोजची मिस्सा होत नाही. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इथे मिस्सा केली. फ्रान्सिस यांच्या भेटीआधी कट्टर ज्यू गटांनी आंदोलन केलं. वर क्रूस आणून उपासना सुरू झाली, तर खाली आम्हाला प्रार्थना करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जागा चर्चला देणार नसल्याचं सरकारला सांगावं लागलं.

त्यात पंचांगही भर घालतं. ज्यूंचा शावुओत सण वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशी येतो आणि परंपरेनुसार दावीदचा मृत्यू त्याच दिवशीचा. ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्ट याच सणातून आला. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो याच दालनात, असं ते मानतात. त्यामुळे दोन्ही सण जवळ आले की खाली आणि वर एकाच वेळी गर्दी होते.

उतारावरच्या कॅथलिक दफनभूमीत ऑस्कर शिंडलर यांची कबर आहे. नाझींपासून सुमारे १,२०० ज्यूंना वाचवणारा हा जर्मन उद्योजक १९७४ मध्ये वारला. क्रूस कोरलेल्या त्या कबरीवर ज्यू रिवाजाप्रमाणे ठेवलेल्या लहान दगडांचा खच पडलेला असतो.