पोटाच्या ऊतींतून स्तनाची पुनर्रचना

प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांची हौस, असा समज आपल्या समाजात दृढ आहे. त्यामुळे कर्करोगाने स्तन गमावलेल्या अनेक भगिनी पुनर्रचनेविषयी डॉक्टरांना विचारतही नाहीत. हा संकोच दूर व्हावा, म्हणून या शस्त्रक्रियेची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बेंबीखालची त्वचा व चरबी मऊ आणि सैल असते. तिला स्तनाचा आकार देता येतो. परंतु एवढा जाड भाग नुसता कापून छातीवर शिवला, तर रक्ताअभावी तो मरून जाईल. म्हणून तो त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलावा लागतो. अशा सजीव भागास ‘फ्लॅप’ म्हणतात.

१९८२ साली अमेरिकन शल्यविशारद कार्ल हार्ट्राम्फ यांनी ‘ट्रॅम’ फ्लॅपची पद्धत प्रसिद्ध केली. तीत पोटाचा उभा स्नायू रक्तवाहिन्यांचा वाहक म्हणून सोबत घेतात आणि सारा भाग त्वचेखालून छातीवर आणतात. स्नायू गेल्याने पोटाची भिंत दुबळी होऊन हर्नियाचा संभव मात्र वाढतो. १९९४ मध्ये रॉबर्ट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्याने स्तनासाठी ‘डीप’ फ्लॅपचा वापर मांडला. यात स्नायूचे तंतू विलग करून केवळ रक्तवाहिन्या सोडवून घेतात व स्नायू जागीच ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने त्या छातीतील रक्तवाहिन्यांना जोडतात. पुढील काही दिवस फ्लॅपचा रंग व ऊब वारंवार तपासतात; जोडात गुठळी झाल्यास तत्काळ पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून विडी, तंबाखू, मशेरी यांपैकी कशाचीही सवय असल्यास ती न लपवता डॉक्टरांना सांगावी व त्यांच्या सल्ल्याने शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सोडावी.

या उपचाराच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. आकार परत मिळतो, पण पूर्वीची संवेदना पूर्णपणे परतत नाही. पोटावर आडवा व्रण राहतो आणि पोटाचा हा भाग एकदाच वापरता येतो.

पुनर्रचना करावी की न करावी, हा निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा आहे. न करण्यातही काही उणेपणा नाही. मात्र निर्णयासाठी माहिती हवी. स्तन काढण्यापूर्वीच हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. शस्त्रक्रियेस वर्षे लोटली असतील, तरीही विचारावा. कारण पुनर्रचना नंतरही होऊ शकते. घरच्यांनी तिला एवढे सांगितले, तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले, असे आम्ही मानू.