डोंगर एक, वाटा तीन

जालन्याच्या माणसाला डोंगराचे अप्रूप फार. आमच्याकडे उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेची थोडी चढउतार दिसते, अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. बाकी जिल्हाभर काळी जमीन, कापूस, तूर आणि मोसंबीच्या बागा. त्यामुळे थंडी पडली, पोरांना नाताळच्या सुट्या लागल्या, की 'यंदा सह्याद्रीत जाऊ' अशी टूम आमच्या घरात हमखास निघते. मग डोंगर पाच मिनिटांत ठरतो आणि वाट ठरायला पंधरा दिवस लागतात.

मागल्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगड ठरला. तो ठरण्यामागे कारण होते. माझे थोरले बंधू कॉलेजात असताना खिरेश्वरहून हा गड चढले होते आणि पुढे चाळीस वर्षे त्यांनी आम्हाला ते वर्णन ऐकवले. दादा जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून वहिनी देवदर्शनालाही घराबाहेर पडल्या नव्हत्या. गडाचा विषय निघाला तेव्हा त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "भाऊजी, मलाही यायचंय." वहिनींचे वय सदुसष्ट. बैठकीतले सगळे एकदम गप्प झाले. आता प्रश्न गडाचा राहिला नव्हता, वाटेचा झाला होता.

हरिश्चंद्रगड सुमारे १,४२० मीटर उंच. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा त्याच्याभोवती भिडतात. वर जायला वाटा अनेक. त्यांतल्या तीन विशेष वहिवाटीच्या. पहिली ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट. ही म्हणजे कोकणकड्याच्या कुशीतली दगडगोट्यांनी भरलेली उभी घळ. वर पोहोचायला अख्खा दिवस जातो, काही ठिकाणी दोर लागतो आणि सोबत जाणकार नसेल तर तिच्या वाटेला न गेलेलेच बरे. दुसरी पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरची, म्हणजे दादांची वाट. माळशेज घाटाजवळच्या खुबी फाट्यावरून खिरेश्वर गाठायचे, तिथून तोलार खिंड, पुढे कातळाचा उभा टप्पा. तिथे रेलिंग आहे. पण खरा घोळ त्यानंतर. वरच्या पठारावर एकासारख्या एक टेकड्या आणि कारवीची झुडपे, त्यामुळे नवखा माणूस सहज चुकतो. चार-पाच तास तरी धरावेत. तिसरी अकोले तालुक्यातल्या पाचनईची. दोन-अडीच तासांची, ओढ्याच्या कडेने आणि पुढे आलेल्या कातळाच्या छपराखालून जाणारी, थेट मंदिरापाशी पोहोचवणारी.

पुतण्याचा हट्ट नळीच्या वाटेचा. "काका, पाचनई म्हणजे जिना चढल्यासारखं," तो म्हणाला. तरुण रक्ताला असे वाटणारच. त्यात गैर काही नाही. वहिनींच्या मनात खिरेश्वर होते. त्या बोलल्या नाहीत, पण दादांची जुनी वही काढून बसल्या होत्या.

अशा वेळी वाट निवडायची कशी? माझा हिशेब साधा आहे. घोळक्यातल्या सर्वांत दमदार माणसाकडे न पाहता सर्वांत हळू चालणाऱ्याकडे पाहायचे. म्हणून आम्ही महिनाभर दर रविवारी अंबड गाठले आणि मत्स्योदरीच्या पायऱ्या चढलो-उतरलो. वहिनी चढताना ठीक होत्या. उतरताना मात्र गुडघे बोलू लागत. माणसे चढ मोजतात आणि उतार विसरतात. खरे तर दमलेल्या पायांनी, दिवस कलताना करायचे काम म्हणजे उतरणे.

आणि हिवाळ्याचा दिवस लहान. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास बुडतो. हाती उजेड जेमतेम अकरा तासांचा. इतरांना अडीच तास लागतात तिथे आम्हाला चार लागणार, हे अंबडने शिकवले होते. तोच हिशेब खिरेश्वरला लावला तर चढण्यातच सात-आठ तास जात होते. म्हणजे अंधारात कातळटप्पा. हा आकडा कागदावर मांडला, तेव्हा पुतण्याचा आवाज आपोआप उतरला. वहिनींनीच निकाल दिला : "देऊळ तर तेच आहे ना? मग पाचनई."

थंडीतला डोंगर देखणा असतो, तसा फसवाही. ऊन सौम्य म्हणून माणूस पाणी कमी पितो. वाळलेले गवत आणि सुटा मुरूम पावसाळ्यातल्या शेवाळाइतकाच पाय सरकवतो. कड्यांवर आग्यामोहोळ असते, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. फोनवर भिस्त ठेवू नये. हा सगळा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा मुक्कामाचे नियम गावात आधी विचारावेत आणि गावातलाच वाटाड्या घ्यावा.

शिर्डी, संगमनेर, अकोले करीत आम्ही राजूरला पोहोचलो. आमचे राजूर गणपतीचे, भोकरदन तालुक्यातले, हे दुसरे. रात्री पाचनईत एका घरी पिठले-भाकरी खाऊन पडलो आणि सकाळी सातला निघालो. अकराला मंदिर. कोरीव दगडी मंदिर, पुढे पुष्करणी. चांगदेवांनी 'तत्त्वसार' इथेच लिहिले असे मानतात. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत भले मोठे शिवलिंग, भोवती कमरेएवढे बर्फासारखे पाणी आणि चार खांबांपैकी उभा उरलेला एकच. चार खांब म्हणजे चार युगे, अशी लोकांची श्रद्धा. वहिनी त्या खांबाकडे बराच वेळ पाहत बसल्या. आम्ही कोणी बोललो नाही.

कोकणकड्यावर पाऊण तास थांबलो. १८३५ साली कर्नल साईक्स यांना इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसल्याची नोंद आहे. त्याला दरीत धुके आणि पाठीशी सूर्य लागतो. हिवाळ्यात ते योग क्वचितच, पण खाली कोकण निरभ्र दिसते. इथला सूर्यास्त प्रसिद्ध. तो मात्र आम्ही सोडला आणि दीडला उतरणीला लागलो. साडेपाचला, अजून ऊन असताना, शेवटची पायरी उतरलो. वहिनींचा हात वाटभर पुतण्याच्या हातात होता.

उतरताना वाटाड्याने शेजारचा ओढा दाखवला. ही मंगळगंगा. ती मुळेला मिळते, मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला. आणि ते पाणी पैठणच्या जायकवाडीत येते. तिथूनच ते जालना शहराच्या नळाला पोहोचते. दुष्काळी वर्षांत वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे की नाही यावर केवढे वाद होतात! २०२३ च्या अखेरीसही झाले. त्या वादातले पाणी पावसाळ्यात या कातळावरून कसे उड्या मारत जात असेल, हे मुलांना पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आले.

वाचकहो, यंदा थंडीत कुठला तरी गड तुमच्याही घरात ठरला असेल. वाट ठरवायला बसाल तेव्हा त्या बैठकीत घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसालाही बोलवा. तिचे किंवा त्याचे पाय विचारात घेऊन निवडलेली वाट कदाचित मित्रांना सांगायला फारशी भारी वाटणार नाही. पण तिच्यावरून सगळे जण वर जातात आणि सगळे जण खाली येतात.